अर्ध्या पुस्तकाचे इंग्रजी

मी अक्षरे चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकलो. भोसरीच्या कारखान्यात पाळी सुटल्यावर, युनियनच्या खोलीत. हे मोठेपणासाठी सांगत नाही. वेळेवर शाळेत गेलेल्या माणसाला माझी पुढची अडचण कळणार नाही, म्हणून सांगतो. उशिरा शिकलेल्या माणसाला छापलेले काहीच खोटे वाटत नाही. ज्याने लहानपणी पुस्तकातल्या चित्रांना मिश्या काढल्या, त्याचा पुस्तकाशी बरोबरीचा व्यवहार असतो. आम्ही पुस्तकासमोर चपला काढून उभे. उदबत्तीच्या पुड्यावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असे वाचले, तेव्हा वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांत अशी जागा मी आठवडाभर शोधत होतो. थंड जागा मोरीजवळ होती, ती कोरडी नव्हती. कोरडी जागा गॅसजवळ होती, ती थंड नव्हती. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी, गोदाबाईंनी, पुडा देवापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "देवाले वाचता येत नाही. बरं हाय त्याचं."

माझे इंग्रजी याच स्वभावातून सुरू झाले आणि याच स्वभावाने बुडाले.

निवृत्तीनंतर इंग्रजी शिकायचे ठरवले, त्याला कारण आमची पारिजात सोसायटी. लिफ्ट इंग्रजीत बोलते, पार्सल आणणारा पोऱ्या इंग्रजीत ओटीपी मागतो, आणि सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये पाणी जाणार असले तरी ते इंग्रजीतच जाते. आमचे पाणी दोनदा न कळवता गेले. म्हणजे कळवले होते, पण मला कळले नव्हते.

कसबा पेठेत भैरूचे रद्दीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक पायरी आणि तिच्या मागे छतापर्यंत कागद. तिथे मला इंग्रजी वाक्यांचे एक पुस्तक मिळाले. वरचे कव्हर नव्हते, सुरुवातीची आठ पाने नव्हती, आणि मागचे निम्मे पुस्तकच नव्हते. कुणी तरी ते मधोमध सुरीने कापले होते. भैरूने खुलासा केला. "दोन भाऊ असणार, काका. एकाच वर्गात, एकच पुस्तक. पेठेत असंच करतात. अर्धं तू वाच, अर्धं मी वाचतो."

"आणि दुसरं अर्धं?"

"येईल कधी तरी. भाऊ किती दिवस जपून ठेवतील?"

मी म्हटले, माझ्या वयाला अर्धे पुस्तक पुरे. हे वाक्य मी तेव्हा विनोदाने म्हणालो होतो.

पुस्तकात एकाखाली एक, आकडे घालून चारशे वाक्ये होती. बाकी स्पष्टीकरण वगैरे काही नाही. मला तेच आवडले. मी रोज पाच वाक्ये पाठ करू लागलो. सकाळी गॅलरीत उभा राहून मोठ्याने म्हणायचो, "शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर." "वी रीच्ड टू द स्टेशन." "लेट अस डिस्कस अबाउट द मॅटर." सतरा नंबरचे वाक्य माझ्या विशेष आवडीचे होते: "माय अंकल इज गुड इन इंग्लिश." समोरच्या इमारतीतल्या एक बाई मी गॅलरीत आलो की खिडकी लावून घ्यायच्या. मी समजायचो, त्यांना इंग्रजी येत नाही.

आठ महिन्यांत चारशेच्या चारशे पाठ झाली. कोणताही आकडा सांगा, मी वाक्य सांगत असे. आता विद्या आली की ती वाटावीशी वाटते, हा विद्येचा दोष आहे. खाली जिन्याजवळ सोसायटीचा फळा रिकामा असतो. त्यावर 'आजचे इंग्रजी वाक्य' लिहावे, असे मनात आले. सेक्रेटरी दत्तप्रसाद आगाशे म्हणाले, "अर्ज द्या. इंग्रजीत."

मी अर्ज लिहिला. त्यात पुस्तकातली सहा वाक्ये शब्दही न बदलता घातली. "आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट द नोटीस बोर्ड" हे त्यातले पहिले. पंधरा दिवसांनी कमिटीच्या इतिवृत्ताची प्रत माझ्या दारात आली: "द मॅटर वॉज डिस्कस्ड अबाउट अँड अप्रूव्ह्ड." मी ती प्रत देवघरातल्या कपाटात ठेवली. माझे वाक्य सरकारी झाले होते.

फळ्यावर रोज एक वाक्य जाऊ लागले. आगाशे रोज सकाळी चष्मा वर करून ते तपासत. त्यांची हरकत एकच. "नागोराव, ओळ उजवीकडे उतरतेय. संस्थेच्या दृष्टीने बरं दिसत नाही." तिसऱ्या मजल्यावरचा राजस खराडीत एका मोठ्या कंपनीत संगणकाचे काम करतो. तो लिफ्टची वाट बघताना फळा वाचायचा आणि म्हणायचा, "काका, एकच नंबर! सेम टू सेम मी ऑफिसात बोलतो." आता सांगा, शंकेला जागा होती का? कमिटीने मंजूर केलेले, खराडीत बोलले जाणारे, आणि मुख्य म्हणजे छापलेले. अडुसष्ट बिऱ्हाडे रोज तो फळा वाचत होती. एकानेही भुवई उचलली नाही. लोक मला 'सर' म्हणू लागले. मला आयुष्यात याआधी 'सर' फक्त एका माणसाने म्हटले होते, आणि तो पत्ता चुकला होता.

अशा वैभवात असताना रुपाली आली.

रुपाली ही माझ्या धाकट्या भावाची, सीतारामची मुलगी. गाव कारंजाकडे. बीकॉम झालेली, हुशार, पण बोलायला भिडस्त. मला 'मोठे बाबा' म्हणते. तिला पुण्यात नोकरी करायची होती आणि सीतारामने तिचे लग्न ठरवत आणले होते. मुलगा बरा होता, पण तो मूर्तिजापूरला होता आणि त्याच्या आईने आधीच सांगितले होते की, आमच्या घरी सुना बाहेर जात नाहीत. सीताराम फोनवर म्हणाला, "दादा, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो. तवरक नोकरी लागली तं ठीक, नाही तं मी पोरीले घ्याले येतो."

रुपाली शेजारीच बसून ऐकत होती. तिने आपली बॅग पलंगाखालून ओढून भिंतीशी उभी केली, उगाच. ती बॅग मग रोज दिसत राहिली.

खराडीतल्या एका कंपनीत जागा होत्या. गिऱ्हाइकांच्या पत्रांना इंग्रजीत उत्तरे लिहायची. त्यासाठी आधी संगणकावर परीक्षा: दोन-दोन वाक्यांच्या चाळीस जोड्या येणार, त्यातले बरोबर वाक्य कोणते त्यावर खूण करायची. तीस बरोबर आली की नोकरी जवळजवळ हातात.

रुपाली म्हणाली, "मोठे बाबा, माझं इंग्रजीच कच्चं आहे."

मी चष्मा पुसला. असा क्षण माणसाच्या आयुष्यात एकदा येतो, आणि तेव्हा कुणी तरी त्याचे तोंड दाबायला हवे. मी म्हणालो, "काळजी करू नको."

दोन महिने मी तिला शिकवले. सकाळी पाच वाक्ये, संध्याकाळी पाच. ती जात्याच हुशार. माझे जे आठ महिन्यांत झाले ते तिचे सात आठवड्यांत झाले. पुढे पुढे मी नुसता आकडा म्हणायचो आणि ती पोळ्या लाटता लाटता वाक्य म्हणायची. "सतरा!" "माय अंकल इज गुड इन इंग्लिश." एवढे म्हणून ती माझ्याकडे बघून हसायची. क्वचित तिला शंका यायची. "मोठे बाबा, कॉलेजात 'मॅरीड टू' असं काही तरी होतं वाटतं." मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरायचो. "हे बघ. छापलंय." मग ती पुढचे वाक्य म्हणायची. माझ्या घरात त्या काळात छापखान्यापुढे कुणाचे चालत नव्हते.

परीक्षेचा दिवस दसऱ्यानंतरचा सोमवार. दुपारी दोनला. सकाळी दह्याची कवडी हातावर देऊन तिला बसमध्ये बसवले, आणि मन लागेना म्हणून मी कसब्यात भैरूकडे गेलो. मनात होते, की हिला नोकरी लागली की पुढचे पुस्तक लागेल.

भैरू मला बघून पायरीवरून उठला. "काका, तुमचं नशीब! भाऊ वारला वाटतं, नाही तर घर बदललं. दुसरं अर्धं आलं."

तेच पुस्तक. तोच कागद, सुरीचा तोच तिरपा काप. मी पायरीवर बसलो आणि उघडले. आकडे पुन्हा एकपासून सुरू होते. पहिले वाक्य वाचले आणि कपाळाला हात लावला. "शी इज मॅरीड टू अ डॉक्टर." दुसरे, "वी रीच्ड द स्टेशन." मधला 'टू' गायब! मी भैरूला म्हणालो, "काय रे हा छापखाना! पहिल्या भागात किती शुद्ध छापलंय आणि दुसऱ्यात बघ. कामगार बदलले असणार." मी कारखान्यात तेहेतीस वर्षे काढली आहेत, मालात असा फरक पाळी बदलली की पडतो. खिशात लाल पेन होते. मी एकेक वाक्य दुरुस्त करायला घेतले. 'टू' खोडून 'विथ' केले. स्टेशनच्या आधी 'टू' घातला. 'अबाउट' कुठे कुठे गाळले होते, ते शोधून शोधून भरले. मोठ्या निष्ठेने मी बावीस वाक्ये दुरुस्त केली.

भैरू माझ्या खांद्यावरून बघत होता. भैरूला इंग्रजी येत नाही, पण रद्दी चाळून चाळून त्याला पुस्तकाची चण कळते. तो म्हणाला, "काका, वाक्यं तीच आहेत तर दोनदा कशाला छापतील?"

"चूक झाली असेल."

"मग हे दुमडलेलं पान बघा. मराठीत आहे." त्याने पुस्तकाचे पहिलेच पान, जे मी घाईत कापाच्या बाजूला दुमडून ठेवले होते, ते सरळ केले. त्यावर ठळक अक्षरात होते: 'भाग दुसरा. शुद्ध वाक्ये. पहिल्या भागातील अशुद्ध वाक्यांशी ताडून पाहा.'

मराठी मला चांगले वाचता येते. ते मी तीनदा वाचले. दरवेळी तेच निघाले.

भैरूने न विचारता चहा मागवला. मी तो प्यायलो नाही. माझ्या डोक्यात एक एक करून चारशे वाक्ये उभी राहत होती आणि प्रत्येकाच्या पायाखालची फळी निघत होती. आठ महिने मी पाठ केली ती चुकांची यादी. फळ्यावर दोनशे दिवस लिहिली ती चुकांची यादी. आणि ती यादी संपूर्ण, तोंडपाठ, आकड्यासकट घेऊन माझी पुतणी या वेळी नगर रस्त्यावर कुठे तरी बसमध्ये बसली होती.

साडेअकरा वाजले होते. मी फोन लावला. बंद. नंतर कळले, त्या कंपनीच्या सूचनेत 'फोन बंद ठेवा' असे छापलेले होते, आणि ती छापलेल्याचे ऐकते. ते तिला मीच शिकवले.

मनपाच्या थांब्यावरून खराडीची बस मिळाली तेव्हा बारा वाजून गेले होते. या बसविषयी काही लिहिण्यात अर्थ नाही; पुण्यात राहणाऱ्याला ते माहीत आहे आणि बाहेरच्याला खोटे वाटेल. येरवड्याच्या पुढे ती इतकी सावकाश गेली की एक पायी चाललेले गृहस्थ आम्हाला तीनदा भेटले. तिसऱ्यांदा आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

दोनला दहा कमी असताना मी त्या काचेच्या इमारतीच्या फाटकाशी पोहोचलो. तिथे एक रखवालदार आणि एक रजिस्टर. नाव लिहिले, वेळ लिहिली, शेवटचा रकाना होता येण्याचे कारण. "अंग्रेजी में लिखना, अंकल," रखवालदार म्हणाला.

मी पेन टेकवले आणि हात थांबला. मला इंग्रजीची चारशे वाक्ये येत होती आणि त्यातले एकही मला आता लिहिता येत नव्हते. सगळीच्या सगळी दोन-अडीच तासांपूर्वी पकडली गेली होती. अक्षरे येत नव्हती तेव्हा मी अंगठा देत असे. त्या अंगठ्याला निदान चूक काढता येत नव्हती. माझ्या मागे रांग लागली. शेवटी मी मराठीत लिहिले, 'दुरुस्तीसाठी.'

रखवालदाराने ते वाचले, मला खालून वर बघितले, माझी जुनी कापडी पिशवी बघितली, आणि म्हणाला, "रिपेरिंग? पीछे का गेट." तिथे एका माणसाने माझ्या गळ्यात पट्टी अडकवली आणि मला तळघरात, बंद पडलेल्या एसीसमोर नेऊन उभे केले. मी त्याला सांगितले की, मला इंग्रजी दुरुस्त करायचे आहे. तो म्हणाला, "पहले यह करो." समजूत पटवून, चार ठिकाणी चौकशी करून, जिने चढून मी परीक्षेच्या मजल्यावर आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि रुपाली बाहेर बाकावर बसली होती. तिच्या हातात एक कागद होता.

"शून्य," ती म्हणाली.

तिच्याजवळ कंपनीतली एक मुलगी उभी होती, पूर्णिमा नावाची पट्टी लावलेली. ती बिचारी घाबरली होती. "सर, आमच्याकडे असं कधी झालंच नाहीये. डोळे मिटून क्लिक केलं तरी वीस येतात. झिरो यायला चाळीसच्या चाळीस उत्तरं माहीत असावी लागतात. मी सिस्टिम दोनदा चेक केली." मग तिने पद्धतीप्रमाणे सांगितले, की पुन्हा परीक्षा एका महिन्याने देता येईल, एकदाच.

मी हिशेब केला. एक महिना म्हणजे तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस.

परतीच्या बसमध्ये मी रुपालीला पुस्तकाचे दोन्ही भाग दाखवले. तिने पहिला भाग एका मांडीवर, दुसरा दुसरीवर ठेवला आणि बराच वेळ दोन्हीकडे बघत बसली. मला वाटले, रडेल. ती रडली नाही; "परीक्षेतल्या जोड्या याच होत्या," एवढेच म्हणाली. लाल पेनाने मी केलेल्या बावीस दुरुस्त्यांपाशी येऊन थांबली आणि विचारले, "हे कोणी केलं?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

घरी गोदाबाईंनी सगळे ऐकून घेतले, तांदूळ निवडता निवडता. शेवटी म्हणाल्या, "पोरगी मन लावून शिकली. शिकवणारा तेवढा चुकला." एवढेच. पुढे आठ दिवस त्या माझ्याशी गरजेपुरतेच बोलल्या, आणि गरज फारशी पडू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर जाहीर माफी लिहायला गेलो. आगाशे मागे येऊन उभे राहिले. "काय करताय?"

"आजवरची सगळी वाक्यं चुकीची होती, असं लिहितोय."

"लिहिता येणार नाही. ती वाक्यं कमिटीने मंजूर केलेली आहेत. मंजूर बाब चुकीची ठरवायची तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. चौदा दिवसांची नोटीस."

"अहो, पण आपल्या इतिवृत्तातसुद्धा माझी चूक गेली आहे. 'डिस्कस्ड अबाउट' म्हणत नाहीत."

आगाश्यांचा चेहरा प्रथमच हलला. "नागोराव, ते इतिवृत्त उपनिबंधक कार्यालयात दाखल झालंय. त्यांनी शिक्का मारून परत पाठवलंय. आता ते बरोबर आहे." आणि जाता जाता म्हणाले, "आज ओळ सरळ आली आहे, नेमकी."

बातमी पसरायला फळा लागला नाही. सल्ले येऊ लागले. राजस म्हणाला, "काका, चिल. 'अबाउट' घातलं काय, नाही घातलं काय. माझं प्रमोशन झालं की." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण मला ती दुसऱ्या भागाची झेरॉक्स द्या." तळमजल्यावरच्या सोजरबाई, ज्यांच्या वावरात आमची इमारत उभी आहे आणि जे त्या आम्हाला विसरू देत नाहीत, त्या म्हणाल्या, "इंग्रजी हाय कशाला त्ये? माझ्या नातसुनंला फाडफाड येतंय, भाकरी येत न्हाय. लगीन लावून द्या पोरीचं." रुपाली तिथेच जिन्यात उभी होती. सोजरबाई तिला बघून म्हणाल्या, "तुलाच म्हणतीया, बाई. लपवून कशाला बोलू?"

राहता राहिला तो महिना. मी रुपालीला म्हणालो, आता दुसरा भाग घेऊ. रोज चाळीस वाक्ये केली तर दहा दिवसांत चारशे होतील. मी पहाटे उठून खडू आणून बसलो.

तिने पुस्तक मिटले. "मोठे बाबा, रागावू नका. पण आता मला काही शिकवू नका."

इतक्या नम्रपणे मला कुणी कधी नोकरीवरून काढले नव्हते. कारखान्यानेसुद्धा निवृत्तीला नारळ दिला होता.

मी गॅलरीत जाऊन बसलो. समोरच्या बाईंनी सवयीने खिडकी लावली, आणि मी काही बोलत नाही असे पाहून जरा वेळाने पुन्हा उघडली. महिनाभर घरात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला गेला नाही. रुपाली स्वयंपाकात मदत करी, वर्तमानपत्र वाची, गोदाबाईंबरोबर भाजीला जाई. अभ्यास करताना मला ती एकदाही दिसली नाही. बॅग मात्र भिंतीशी उभीच होती. एकदा केर काढताना गोदाबाईंनी ती उचलली आणि तिथेच परत ठेवली; ती भरलेली होती. सीतारामने कळवले, तुळशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पोहोचतो, मुलाकडच्यांनी साड्या घेतल्या आहेत. मी फोनवर 'बरं' म्हणालो. दुसरे काय म्हणणार? ज्याने पोरीला शून्य मिळवून दिले, त्याला मत असत नाही.

परीक्षेच्या दिवशी मला बरोबर नेऊ नये असे ठरले होते. मीच ठरवले होते. इतरांनी एवढेच केले, विरोध केला नाही. मी घरी बसून घड्याळ बघत होतो. गोदाबाई दाराजवळ तुळशीच्या कुंडीला गेरू लावत होत्या. एकाच जागी तीनदा लावला.

सहा वाजता रुपाली आली. चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायली. मग म्हणाली, "एकोणचाळीस."

गोदाबाईंच्या हातातला गेरूचा वाडगा तसाच राहिला. मला आधी ते कळलेच नाही. आमच्या घरातल्या इंग्रजीला एवढे गुण पचत नव्हते. "काय एकोणचाळीस?"

"चाळीसपैकी. पहिल्या तारखेपासून यायला सांगितलंय. पूर्णिमा मॅडम म्हणाल्या, महिन्यात असं काय शिकलीस?"

"काय शिकलीस?" मीही तेच विचारले.

ती जरा घुटमळली. "काहीच नाही. मोठे बाबा, तुम्ही मला चारशेही चुका इतक्या पक्क्या शिकवल्या होत्या की विसरता येत नव्हत्या. जोडीतलं जे वाक्य तोंडपाठ होतं ते सोडायचं आणि जे कधी ऐकलं नव्हतं त्याच्यावर खूण करायची. पंधरा मिनिटांत झालं."

म्हणजे माझी एकुलती एक विद्यार्थिनी पास झाली, ती माझ्यावर काडीचा विश्वास न ठेवता. शिक्षकाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा पराभव असेल तर मला माहीत नाही, आणि मी तो आनंदाने सोसत होतो, ही आणखी लाजिरवाणी गोष्ट. गोदाबाईंनी गेरूचे बोट तिच्या गालाला लावले. मग त्या आत गेल्या, बॅग उचलली आणि पलंगाखाली ढकलून दिली, पार भिंतीपर्यंत. सीतारामला फोन मी लावला. त्याने 'एकोणचाळीस' दोनदा म्हणवून घेतले. मग म्हणाला, "साड्या परत होत असतील का?"

सगळे निवळल्यावर माझ्यातल्या शिक्षकाने पुन्हा डोके वर काढले. खोड जात नाही. मी विचारले, "आणि चाळिसावं? ते कसं चुकलं? सगळी तर पाठ होती."

रुपाली ताटे मांडत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते चुकलं नाही. ते मी मुद्दाम तसं केलं. सतरा नंबर होता."

दुसऱ्या भागात त्या जागी 'गुड ॲट' होते; मला मात्र पहिलेच आठवले. 'माय अंकल इज गुड इन इंग्लिश.'

"सगळ्यांवर उलटी खूण केली," ती म्हणाली, "तिथं हात झाला नाही. म्हटलं एक राहू दे, मोठ्या बाबांसाठी. तीसच तर लागत होती." पाण्याचे तांबे ठेवत म्हणाली, "मशिनने चूक दिली."

गोदाबाई कढईतली भाजी हलवत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

"मशिनले बरोबर समजते," त्या म्हणाल्या. "या आता जेवाले, सर."